हिलोच्या भट्टीचे कीट

दुबईला जाऊन आलो असे कळले की लोक दोन गोष्टी विचारतात : सोने कसे आहे आणि उकाडा किती आहे. सोन्याच्या बाजारात मी पाऊल टाकले नाही, आणि गेलो तेव्हा थंडीचे दिवस होते, संध्याकाळी शाल लागत असे. मी तिथे एक दगड ठेवायला गेलो होतो. त्या दगडापायी मला डोंगरातली एक फार जुनी भट्टी पाहायला मिळाली. तिच्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

आधी आमच्या भट्टीबद्दल सांगायला हवे. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, घाटाच्या अगदी पायथ्याला. आम्ही धावड. दगडातून लोखंड काढणे हा आमचा पिढीजात धंदा. सड्यावरचा लाल, जड दगड फोडायचा, मातीच्या उंच भट्टीत कोळशाबरोबर थरावर थर भरायचा आणि बोकडाच्या कातड्याच्या भात्यांनी वारा घालत राहायचे. भट्टी पुरुषांची आणि कोळसा बायकांचा, अशी वाटणी होती. खैर तोडून, रचून, मातीखाली धुमसत ठेवून त्याचा कोळसा करायचे काम आमच्या बायका करीत. आईने लहानपणी तिच्या आईच्या हाताखाली ते काम केले आहे. पुढे आगबोटींनी परदेशी सळया बंदरात येऊन पडू लागल्या आणि इकडे खैराला हात लावायची बंदी झाली. आईचे लग्न होण्याआधीच भट्टी विझली.

मी हायस्कुलात इतिहास शिकवतो आणि काही वर्षांपासून या भट्टीची हकीकत गोळा करतो आहे. कागदावर जवळजवळ काहीच नाही. उरले आहे ते कीट. लोखंड वेगळे झाल्यावर जो काळा मळ वितळून बाहेर वाहतो आणि थिजून दगड होतो, ते कीट. त्याचे ढीग गावामागे अजून आहेत. आमच्यात माणूस गेला की कबरीच्या उशाला या कीटाचा एक मोठा तुकडा ठेवतात. पावसाळ्यात कबरस्तानात कमरेएवढे गवत वाढते, साध्या दगडांवर शेवाळ चढते, पण कीट काळेच्या काळे राहते. आपला माणूस कुठे आहे ते पोराबाळांनाही सापडते.

माझा थोरला भाऊ हसन, घरात सगळे त्याला भाय म्हणत, दुबईला तापाने गेला. बातमी आली तेव्हा त्याला माती देऊन झाली होती. एके सकाळी आई स्वतः ढिगाकडे गेली, मोठ्या नारळाएवढे एक कीट निवडून आणले, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधले आणि उचलायला सोपे जावे म्हणून त्याला काथ्याची दोरी घट्ट आवळली.

"भायच्या उशाला ठेवून ये," म्हणाली. "परक्या वाळूत हरवायचा तो."

देरा

बोट दुबईच्या बाहेर, उघड्या समुद्रात थांबते. तिथून माणसे आणि सामान लहान होड्यांत उतरवतात आणि होडी खाडीत शिरते. खाडीच्या दोन बाजूंना दोन गावे : एक दुबई, दुसरे देरा. देऱ्याच्या धक्क्याला गलबते इतकी दाटीने लागलेली होती की आमच्या होडीला जागाच मिळेना. लाट आली की होडी शेजारच्या गलबतावर आदळे. तांडेलाने इकडे तिकडे पाहिले. माझ्या पायाशी दोरी बांधलेला, कापडात गुंडाळलेला एक जड धोंडा त्याला दिसला. कोकणातून आलेला माणूस दोरीला बांधलेला धोंडा होडीत घेऊन बसतो, तो कशासाठी? दर्यावर्दी माणसाला याचे एकच उत्तर सुचते. त्याने दोरीचे टोक कडीला अडकवले आणि मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत आईचा दगड नांगर म्हणून खाडीत टाकून दिला.

होडी छान स्थिर झाली. तांडेल माझ्याकडे पाहून कौतुकाने हसला. निघताना त्याने दोरी ओढली, तेव्हा वर आला तो लुगड्याचा ओला तुकडा. तो पिळून त्याने माझ्या हातात दिला.

न्यायला आलेले दाऊदभाई धक्क्यावरून हे पाहत होते. दाऊदभाई आमच्याच तालुक्यातले. देऱ्यात त्यांचे गलबतांच्या खिळ्यांचे आणि दोरखंडाचे दुकान आहे, भाय त्यांच्याकडे कामाला होता. मी काय आणले होते आणि काय बुडाले ते त्यांना सांगितले. ते म्हणाले, "मास्तर, बुडी मारणारा माणूस देतो मिळवून. मोती काढणारे किती तरी रिकामे बसलेत इथं." माणूस खरेच मिळाला. तो तीनदा खाली गेला आणि वर येऊन म्हणाला की खाली गुडघाभर चिखल आहे. खलास.

दुसऱ्या दिवशी दाऊदभाईंनी मला कबरस्तानात नेले. सपाट वाळू, तिच्यावर मातीचे लहान उंचवटे, डोक्याशी आणि पायाशी समुद्रातले पांढरट दगड. नाव कुठेच नाही. दाऊदभाई एका उंचवट्याशी थांबले, मग पुढच्याशी गेले, मग परत आले.

"ही," ते म्हणाले. "नाही. थांबा हां."

ते खाली बसले आणि उशाशी बोटाने वाळू उकरू लागले. एका ठिकाणी काही मिळाले नाही. शेजारच्या कबरीशी त्यांचे बोट कशाला तरी लागले. गलबताचा एक मोठा खिळा त्यांनी खूण म्हणून तिथे खोल रोवला होता. त्यांनी तो थोडा वर ओढला तेव्हा गंजाचे पापुद्रे हातात आले. तिथली जमीन खारी आहे. काही महिन्यांत खिळा निम्मा झाला होता. पुढच्या वर्षी ही खूणही राहणार नव्हती.

"इथलाच एखादा दगड ठेवू, मास्तर," परतताना ते म्हणाले. "दगडांची काय टंचाई पडलीय होय?"

दगडांची टंचाई नव्हती. पण इथे सगळेच दगड पांढरे होते, आणि आईने काळा दिला होता.

पुढचे दोन दिवस मी दुकानात बसून राहिलो. माणसे येत आणि भायची आठवण काढून चहा पीत. पैशांचे बोलणे रुपयांत चाले. आपलाच रुपया तिथे चालतो, फक्त नोटेचा रंग निराळा. दुकानामागे चहाची शेगडी होती. तिच्यासाठी कोळशाचे नवे पोते आले, तेव्हा दाऊदभाईंनी ते ओतले आणि तोंडाचा पट्टा सोडला.

"बघा, बघा हरामखोरी! वजनाला दगड घातलाय!"

त्यांनी लाथेने उडवलेला तो दगड माझ्या पायाशी आला. लिंबाएवढा, काळा, वरून वळ्या पडलेला, काकवी सांडून गोठावी तसा. मी तो उचलला. डोळ्यांना वाटावा त्याहून तो हाताला जड लागला. कितीतरी दिवसांनी माझ्या अंगात काही हलले.

"दाऊदभाई, हा कोळसा कुठून येतो?"

"डोंगरातून. का?"

"हे कीट आहे."

दाऊदभाईंनी माझ्याकडे असे पाहिले की आता यालाही ताप चढला की काय.

धैदच्या वाटेवर

कोळसा आणणारा ट्रकवाला सईद नावाचा अरब होता. तरुणपणी मुंबईच्या गोदीत राहिल्यामुळे तो हिंदी बोलत असे. डोंगरात हिलो नावाचे गाव आहे, तिथून तो पोती भरतो, असे त्याने सांगितले. पोत्यात दगड कोण घालतो हे विचारल्यावर त्याने आकाशाकडे पाहिले. मला घेऊन जायला मात्र तो लगेच तयार झाला.

"सब लोग सोना ढूँढता है, मास्तर," तो वाटेत म्हणाला. "तुम कचरा ढूँढता है. यल्ला, बैठो."

शारजा मागे पडली की रस्ता असा राहत नाही. वाळूत चाकांच्या खुणा असतात आणि सईद त्यातल्या आपल्याला आवडतील त्या निवडतो. वाळू लाल होत गेली तसे त्याने खाली उतरून चारही चाकांतली थोडी हवा सोडली. मऊ चाक वाळूत रुतत नाही, हे मला नवीन होते. तरी आम्ही एकदा रुतलोच. तेव्हा रिकामी पोती चाकाखाली घालून मी ढकलले आणि सईदने मला इंजिनच्या आवाजाच्या वर ओरडून शिव्या दिल्या, ज्या बहुधा ट्रकला होत्या.

दुपारी धैद लागले. उजाड माळावर अचानक खजुरांची गर्द बाग, आणि मधून वाहत्या पाण्याचा पाट. याला ते फलज म्हणतात. डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून खोदत आणलेले पाणी. आमच्या पोफळीच्या बागांतले पाट मला आठवले, पाण्याच्या पाळीवरून होणारी भांडणेही. सईद म्हणाला, भांडणे इथेही तीच आहेत, फक्त आवाज मोठा आहे.

तिथे चहा मिळाला. दुधाचा चहा पाहून मी खूश झालो आणि पहिल्याच घोटाला थबकलो. चहाला सुकटीचा वास होता. सईद पोट धरून हसला. त्याने मला मागे नेऊन गाय दाखवली. तिच्यापुढे टोपलीत वाळवलेली लहान मासळी होती आणि ती रवंथ करत होती. गवत नाही तिथे किनाऱ्यावरची सुकी मासळी गुरांना घालतात. सुकट आम्ही आवडीने खातो, पण गाईच्या वाटेने ती आमच्यापर्यंत कधी आली नव्हती. मी तो चहा संपवला. दुसरा कप घेतला नाही.

हिलो

डोंगर कोरे आहेत. आमच्या घाटात डोंगर म्हणजे झाडे, तिथे डोंगर म्हणजे दगड, तपकिरी, जांभळा, काही ठिकाणी राखेच्या रंगाचा. दोन डोंगरांमधून ओढ्याचे कोरडे पात्र जाते आणि तेच रस्ता असते. पात्राच्या कडेला समर नावाची काटेरी, छत्रीसारखी झाडे आहेत. यांचाच कोळसा करतात. मी खाली उतरून एका फांदीची बारीक पाने पाहिली, काटा बोटात घुसवून घेतला आणि पुन्हा बसलो.

हिलोत मला भेटला तो राशिद. दगड रचून केलेली थोडी घरे, खाली त्याची खजुरांची बाग, आणि बागेच्या वर उतारावर तो ढीग. सईदने अरबीत सांगितले की हा हिंदचा शिक्षक आहे आणि तुझ्या बागेमागचा मळ पाहायला आला आहे. राशिद साठीचा, बारीक अंगाचा, दाढीला मेंदी लावलेला. त्याने पाहुण्याला बसवले, वेलचीचा कडू कहवा दिला, खजूर पुढे ठेवले आणि मगच विचारले. सईदने ते असे सांगितले :

"बोलता है, उधर कचरा खतम हो गया क्या?"

मी खिशातला तुकडा दाखवला. राशिदने तो ओळखला. पोत्याचा विषय कुणी काढला नाही.

रात्री राशिदकडेच राहिलो आणि उजाडल्यावर आम्ही वर गेलो. सकाळचे ऊन उतारावर पडले होते आणि सारा उतार काळा चमकत होता. आमच्या गावामागचे ढीग मी मोठे समजत होतो. इथे पायाखालची जमीनच कीटाची होती. मध्येमध्ये भट्टीच्या भाजलेल्या मातीचे तुकडे, आतल्या बाजूने काचेसारखे वितळलेले. एक तुकडा वाकडा होता, त्याला वारा घालायच्या नळीचे अर्धे भोक होते. मी तो राशिदच्या तोंडासमोर धरून फुंकून दाखवला. भाते इथे, नळी इथून, कीट या बाजूने बाहेर. आमच्या भट्टीबद्दल आईकडून जे जे ऐकले होते ते मी हातवाऱ्यांनी सांगत सुटलो. सईदने भाषांतर करणे सोडून दिले.

राशिदने सगळे ऐकले आणि मान हलवली. त्याला पटले नव्हते.

"बोलता है, झूठ," सईद म्हणाला. "इतना भट्टी के लिए कोयला किधर से? पेड़ गिनो."

प्रश्न बरोबर होता. खालच्या पात्रात झाडे विरळ होती. आम्ही दोघे दगडावर बसून, सईदला मध्ये घालून, त्यावर वाद घालू लागलो. मी म्हटले, एका भट्टीला कोळशाचा ढीग लागतो, त्याला अख्खी राई लागते. त्याने विचारले, तुमच्याकडे राया आहेत, इथे कधी होत्या? मी म्हटले, असतील, म्हणूनच आता नाहीत. त्यावर तो म्हणाला, त्याच्या आज्याच्या वेळी या पात्रात झाडे आजच्याहून कमी होती असे तो ऐकत आला आहे. लोकांना वाटते सगळे कमी होत जाते, पण समर वाढते आहे. म्हणजे कुणी तरी सगळी तोडली होती, आणि मग ती माणसे गेली. कोण, कधी, हे त्यालाही माहीत नव्हते आणि मलाही. पेटलेली भट्टी दोघांपैकी कुणीच पाहिलेली नव्हती. तरीही आम्हाला फार आनंद झाला होता.

मग मी नारळाएवढे एक कीट निवडले आणि सवयीने त्याचा कोपरा दुसऱ्या दगडावर आपटला. आत ते कसे आहे ते पाहायचे होते. कोपरा उडाला आणि आत हिरवा डाग दिसला.

हा हिरवा रंग आमच्या घरात प्रत्येक मूल ओळखते. कल्हई गेलेल्या तांब्याच्या भांड्यात ताक राहिले की ते कळकते आणि कडेला असाच हिरवा धरतो. मी दुसरे फोडले, तिसरे फोडले. हिरवे. ही भट्टी लोखंडाची नव्हतीच. इथे तांबे काढत होते.

मी ते खाली ठेवले. राशिदने विचारले, काय झाले? तेव्हा मी प्रथमच खरे कारण सांगितले : भाऊ, वाळू, गंजलेला खिळा, आई, खाडीत गेलेला दगड. सईदने हे मात्र हळू आणि नीट सांगितले.

राशिदचा चेहरा कडक झाला. कबरीवर सजावट करू नये, तो म्हणाला. मी म्हटले, सजावट नाही, खूण. खूण चालते, तो म्हणाला, पण मग कुठलाही दगड चालतो.

"आईला कुठलाही चालत नाही."

हे ऐकून त्याने हात झटकला. मग त्याने खाली बागेकडे बोट केले. पाटातून त्याच्या बागेला फुटणाऱ्या वाटेवर एक सुबक, गुळगुळीत कीट बसवले होते. पाण्याची पाळी संपली की तो ते पाटाच्या तोंडावर सरकवी. ते हलत नाही, विरघळत नाही. मला ते पाहताक्षणीच आवडले, आणि ते त्याला कळले.

"वो छोड़ के," सईदने सांगितले. "वो पानी का है. बाकी सब ले जाओ. बोलता है, पहाड़ ले जाओ."

मी उतारावर पुन्हा चढलो. आता कशासाठी शोधतो आहे ते मलाच सांगता आले नसते. तांब्याचे कीट आईच्या दृष्टीने कशाचे? एवढ्यात एक मोठा तुकडा उलटला आणि त्याच्या पोटात कोळसा दिसला. वितळलेल्या रसात अडकून राहिलेला, बोटाएवढा, त्याच्या लाकडाच्या रेघा अजून साफ. असा कोळसा आमच्या कीटातही सापडतो. लहानपणी भाय आणि मी ढिगात तेवढेच हुडकायचो. ज्याला सापडेल तो जिंकला.

मी तो तुकडा उचलला. राशिदने खजुराच्या दोरीने तो बांधून दिला. मी दोरी सोडवून बाजूला ठेवली. का, ते सईदने त्याला सांगितल्यावर तो पहिल्यांदा मोठ्याने हसला.

पुन्हा देरा

कबरस्तानात दाऊदभाई आले. संध्याकाळची नमाज व्हायची होती. त्यांनी खिळा पुन्हा शोधला. त्याच जागी मी वीतभर खड्डा केला आणि कीट अर्धे आत बसवले. फातिहा पढलो. त्या पांढऱ्या दगडांत ते एकटेच काळे होते.

फाटकापर्यंत गेल्यावर दाऊदभाई वळून उभे राहिले आणि बोट न दाखवता म्हणाले, "इथनंही दिसतोय हसन."

घर

परतीच्या प्रवासात मी आईला काय सांगायचे ते ठरवत होतो आणि काही ठरत नव्हते. घरी आलो तेव्हा ती ओट्यावर बसून होती. मी सगळे सांगितले. तिचा दगड नांगर झाला हे सांगितले, तेव्हा तिच्या ओठाचा कोपरा हलला. डोंगरातल्या भट्टीचे सांगितले. शेवटी, ते लोखंडाचे नाही, तांब्याचे आहे, हेही सांगितले आणि पोत्यात निघालेल्या त्या लिंबाएवढ्या तुकड्याचा कोपरा उडवून तो तिच्या हातात दिला.

तिने तो तळहातावर तोलला. हिरव्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

"कोळसा कसल्या लाकडाचा?" तिने विचारले.

मला हे सुचलेच नव्हते. तरी उत्तर माझ्याकडे होते. "समर म्हणतात. काटेरी आहे. पानं बारीक, आपल्या खैरासारखी. काटाही तसाच बसतो."

"खैरासारखी?"

"हो."

तिने तुकडा नाकाशी नेला, जणू तो कालच निवाला होता.

"मग खैराचा भाऊच तो," ती म्हणाली. "चालेल."